वेगाचा आकडा आणि वेळेचा हिशेब

'१०० एमबीपीएस' अशी जाहिरात वाचून आपण फायबरची जोडणी घेतो. पहिल्याच दिवशी एखादी मोठी फाइल डाउनलोडला लावली, की खिडकीत वेग दिसतो ११ किंवा १२ एमबी. मग शंभरातले बाकीचे गेले कुठे? बरेच जण तिथेच ठरवतात की कंपनीने फसवले. काही जण कस्टमर केअरला फोन लावतात आणि 'तुमचा स्पीड बरोबर आहे' एवढेच उत्तर मिळाले की आणखी चिडतात. वास्तविक या उदाहरणात दोन्ही आकडे खरे आहेत. एक बिटमध्ये मोजला आहे, दुसरा बाइटमध्ये.

हा फरक नीट कळला, तर तीन गोष्टी सोप्या होतात: आपल्या घराला किती वेगाचा प्लॅन पुरेल हे ठरवता येते, नेट खरोखर मंद आहे का हे तपासता येते, आणि तक्रार करायची वेळ आली तर ती आकड्यांनिशी करता येते. त्यासाठी लागणारे गणित सातवी-आठवीच्या मुलाला जमेल एवढेच आहे. वेगाचा कोणताही आकडा समोर आला, की तो आपल्या कामाच्या वेळेत बदलून पाहायचा, एवढी एक सवय लावून घ्यायची.

पहिली पायरी: आठने भागा

संगणकातली सर्वांत लहान माहिती म्हणजे बिट, शून्य किंवा एक. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. इंग्रजीतले एक साधे अक्षर साठवायला साधारण एक बाइट लागतो.

फाइल, फोटो, गाणे, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह यांचे आकारमान बाइटमध्ये सांगतात: केबी, एमबी, जीबी. नेटचा वेग मात्र बिटमध्ये सांगण्याची रीत आहे. 'एमबीपीएस' मधला 'बी' बिटचा, आणि फाइलच्या 'एमबी' मधला 'बी' बाइटचा. रोमन लिपीत लिहिताना बिटसाठी लहान 'बी' आणि बाइटसाठी मोठा 'बी' वापरतात. देवनागरीत हा फरक दिसत नाही आणि जाहिरातींतही तो नेहमी पाळला जातो असे नाही. म्हणून आकडा कुठे छापला आहे ते पाहायचे. प्लॅन, राउटर, स्पीड टेस्ट आणि सरकारी व्याख्या येथे बिट. डाउनलोडची खिडकी, फाइल कॉपी होतानाची खिडकी आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या वरच्या पट्टीत दिसणारा वेग येथे बाइट.

वेग बिटमध्ये मोजण्याला तारायंत्र आणि टेलिफोनपासूनचा इतिहास आहे. वाहिनीवरून माहिती एकामागून एक बिट अशी जाते, त्यामुळे सेकंदाला किती बिट गेले हेच तिथे महत्त्वाचे. डिजिटल टेलिफोनमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहितात, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हाच ६४ केबीपीएस. रोजचा डेटा संपल्यावर 'यापुढे वेग ६४ केबीपीएस' असा संदेश अनेक मोबाइल प्लॅनमध्ये येतो, तेव्हाही हाच आकडा भेटतो. त्याला आठने भागले की सेकंदाला ८ केबी उरतात. तीन एमबीचा एक फोटो त्या वेगाने पाठवायला ३७५ सेकंद, म्हणजे सव्वासहा मिनिटे लागतील. मजकुराचा निरोप जाईल, फोटो मात्र ताटकळत राहील.

आठने भागणे अवघड वाटत असेल तर तीनदा निम्मे करा. १०० चे निम्मे ५०, त्याचे निम्मे २५, त्याचे निम्मे १२.५. जुन्या मापांत पावाचे निम्मे म्हणजे अर्धपाव. मेगाबिट हा मेगाबाइटचा असाच अर्धपाव आहे. उलट जायचे असेल तर तीनदा दुप्पट करा. फोनच्या पट्टीत सेकंदाला ३ एमबी दिसत असतील, तर नेटचा वेग त्या क्षणी २४ एमबीपीएस आहे.

दुसरी पायरी: हजार, दहा लाख, अब्ज

किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे अब्ज, अर्थात शंभर कोटी. वेगाच्या एककांमध्ये प्रत्येक पायरी बरोबर हजाराची असते. १ जीबीपीएस म्हणजे १,००० एमबीपीएस, आणि १ एमबीपीएस म्हणजे १,००० केबीपीएस. वर चढताना हजाराने भागायचे, खाली उतरताना हजाराने गुणायचे.

या दोन पायऱ्या एकत्र वापरून पाहू. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढे २००४ च्या धोरणात 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यासाठी किमान वेग २५६ केबीपीएस ठरला. नंतर तो ५१२ केबीपीएस झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. हे आकडे कागदावर कोरडे वाटतात. पाच एमबीचे एक गाणे उतरवायला लागणारा वेळ काढला की ते बोलू लागतात. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ केबी, म्हणून गाण्याला सुमारे १५६ सेकंद. ५१२ ला ७८ सेकंद. २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५० केबी, म्हणून २० सेकंद. आणि आजच्या १०० एमबीपीएसला अर्ध्या सेकंदाहूनही कमी.

१,०२४ चा घोळ

इथे एक अडचण येते. संगणकाची स्मृती दोनाच्या पटीत बांधलेली असते, म्हणून तिथे १,००० ऐवजी १,०२४ ही सोयीची संख्या ठरली आणि तिलाही 'किलो'च म्हणण्याची प्रथा पडली. हा गोंधळ मिटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने १९९८ मध्ये १,०२४ च्या पायऱ्यांना वेगळी नावे दिली: किबी, मेबी, गिबी. पण विंडोज आजही १,०२४ ने मोजते आणि नाव मात्र केबी, एमबी, जीबी असेच दाखवते. ॲपलच्या मॅक संगणकांनी २००९ पासून हजाराचा हिशेब स्वीकारला.

याचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो. एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला लावली की ती ९३१ जीबी दिसते. डिस्कमधले काही चोरीला गेलेले नसते, मोजण्याची रीत बदललेली असते. दुसरा परिणाम वेगावर. १०० एमबीपीएस म्हणजे हजाराच्या हिशेबाने सेकंदाला १२.५ एमबी, पण १,०२४ च्या हिशेबाने ११.९. मेगाच्या पातळीवर हा फरक पाच टक्क्यांच्या आत असतो, गिगाला सुमारे सात टक्के आणि टेराला जवळपास दहा टक्के. नेटचा प्लॅन निवडताना तो सोडून द्या. डिस्क विकत घेताना किंवा बॅकअपची जागा मोजताना मात्र लक्षात ठेवा.

तिसरी पायरी: वाटखर्च वजा करा

पत्रासोबत पाकीट आणि पत्ताही जातो, तसे नेटवरून तुकड्यातुकड्यांनी जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यात, म्हणजे पॅकेटमध्ये, तुमच्या माहितीखेरीज इतर मजकूर असतो. घरातल्या इथरनेट वायरचा हिशेब नेमका सांगता येतो. एका पूर्ण पॅकेटमध्ये तुमच्या फाइलचे १,४६० बाइट असतात, पण शीर्षके, तपासणीचे आकडे आणि दोन पॅकेटांमधले मोकळे अंतर धरून वायरवर १,५३८ बाइटांइतकी जागा जाते. म्हणजे उत्तम परिस्थितीतही पदरात पडतात ९५ टक्क्यांच्या आत.

हा आकडा दुरुस्तीच्या कामी फार उपयोगी पडतो. तुमचा प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आहे आणि वायर लावून केलेली स्पीड टेस्ट दर वेळी ९३ ते ९५ वर अडकते, तर दोष बहुधा कंपनीच्या लाइनचा नाही. राउटर, लॅपटॉप किंवा मधली वायर यांपैकी काहीतरी १०० एमबीपीएसपुरतेच चालते आहे. एक जीबीपीएसच्या जोडणीला वायरच्या आठही तारा जोडलेल्या असाव्या लागतात. चारच तारा जोडलेली किंवा एखादी तार तुटलेली केबल गुपचूप शंभरावर येऊन थांबते. केबल बदलून पुन्हा मोजा. कमी पैशांत सुटणारा हा प्रश्न आहे.

वायफायमध्ये वाटखर्च याहून मोठा असतो. लॅपटॉपवर वायफायच्या माहितीत ४३३ किंवा ८६६ एमबीपीएस असा 'लिंक स्पीड' दिसतो. तो राउटर आणि लॅपटॉप यांच्यातला कागदोपत्री वेग आहे, नेटचा नव्हे. वायफायवरची सगळी उपकरणे आळीपाळीने एकच हवा वापरतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागले तरी चांगले समजायचे. भिंती मध्ये आल्या की तेही घटते.

रोजच्या अंदाजासाठी म्हणूनच एक सोपी युक्ती आहे. आठऐवजी सरळ दहाने भागा. १०० एमबीपीएसला सेकंदाला १० एमबी, ३०० ला ३० एमबी. आठने भागून येणारा आकडा कमाल मर्यादा सांगतो, दहाने भागून येणारा आकडा व्यवहारात भरवसा ठेवण्याजोगा असतो. वेग तुमच्या अंदाजाच्या आसपास असेल तर सगळे ठीक आहे असे समजा.

वेगावरून वेळ

आता मुख्य काम. सूत्र असे:

लागणारे सेकंद = फाइलचे जीबी × ८,००० ÷ एमबीपीएस

साठ जीबीचा एखादा गेम १०० एमबीपीएसवर उतरवायचा आहे. ६० × ८,००० ÷ १०० = ४,८०० सेकंद, म्हणजे ८० मिनिटे. हाच गेम ४० एमबीपीएसवर ३ तास २० मिनिटे घेईल. वाटखर्च धरायचा असेल तर सूत्रात ८,००० च्या जागी १०,००० घाला. मग उत्तरे १०० मिनिटे आणि ४ तास १० मिनिटे अशी येतील.

व्हिडिओ, कॅमेरे अशा सतत चालणाऱ्या गोष्टींसाठी दोन गुणक पाठ करून ठेवा. एमबीपीएसला ०.४५ ने गुणले की तासाला किती जीबी लागतात ते कळते. १०.८ ने गुणले की दिवसाचे जीबी मिळतात.

चांगल्या दर्जाचा एचडी व्हिडिओ ५ एमबीपीएसने चालतो असे धरू. ५ × ०.४५ = तासाला २.२५ जीबी. रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर तो ४० मिनिटांत सगळा डेटा संपवेल. क्रिकेटचा सामना मोबाइल डेटावर पाहणाऱ्याने दर्जा एक पायरी खाली आणला तर डाव पुढे सरकतो. म्हणूनच मोबाइल प्लॅन घेताना एमबीपीएसपेक्षा रोजच्या जीबीकडे आधी पाहावे. वेग म्हणजे दर सेकंदाचे प्रमाण, जीबी म्हणजे एकूण साठा. साठा छोटा असेल तर वाढीव वेगाने तो फक्त लवकर संपतो.

घरच्या फायबरलाही 'अनलिमिटेड' लिहिलेले असले तरी काही प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीसारखी मर्यादा असते. १०० एमबीपीएसवर ती पूर्ण वेगाने गाठायला २,६४,००० सेकंद, म्हणजे जवळपास ७३ तास लागतात. एका कुटुंबाच्या नेहमीच्या वापरात ती क्वचितच गाठली जाईल. पण मर्यादा ओलांडल्यावर वेग किती होतो, हे प्लॅनच्या अटींमध्ये वाचून घ्या आणि त्या आकड्यालाही आठने भागून पाहा.

सोसायटीचे कॅमेरे

गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत हमखास निघणारा प्रश्न: महिनाभराचे रेकॉर्डिंग राहील का? उत्तर दहा मिनिटांत काढता येते. समजा आठ कॅमेरे आहेत आणि प्रत्येकाचा बिटरेट, म्हणजे चित्रीकरणाला दर सेकंदाला लागणारे बिट, ४ एमबीपीएस ठेवला आहे. एकूण ३२ एमबीपीएस. ३२ × १०.८ = दिवसाला सुमारे ३४६ जीबी. चार टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरेल आणि मग जुने रेकॉर्डिंग पुसले जाऊ लागेल. तीस दिवस हवे असतील तर सुमारे १०.४ टीबी लागतील. नव्या पद्धतीच्या व्हिडिओ संकोचनाने बिटरेट २ एमबीपीएसवर आणता आला तर गरज निम्म्यावर येते. चोरी झाल्यावर 'त्या दिवसाचे फुटेज नाही' असे ऐकण्यापेक्षा कोटेशन मागवतानाच पुरवठादाराकडून बिटरेट आणि टीबी असे दोन्ही आकडे लेखी घ्या आणि गुणाकार स्वतः करा.

अपलोडकडे दुर्लक्ष नको

जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. जुन्या टेलिफोन तारेवरच्या जोडणीत अपलोड त्याच्या कितीतरी पट कमी असे. फायबरवर बऱ्याचदा दोन्ही वेग सारखे मिळतात, पण प्रत्येक प्लॅनमध्ये नाही. ऑनलाइन शिकवणारे शिक्षक, घरून काम करणारे आणि लग्नाचे व्हिडिओ पाठवणारे छायाचित्रकार यांच्यासाठी अपलोडचा आकडा जास्त महत्त्वाचा. लग्नाचे ५० जीबीचे चित्रीकरण २० एमबीपीएस अपलोडवर पाठवायला २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तासांहून अधिक लागतात. ते रात्री लावून ठेवायचे की पेन ड्राइव्ह घेऊन माणूसच पाठवायचा, हा निर्णय या एका भागाकारावर घेता येतो.

केबल, कार्ड आणि पेन ड्राइव्ह

नेटच्या बाहेरही हाच हिशेब चालतो. यूएसबी २.० चा कमाल वेग ४८० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६० एमबी. प्रत्यक्षात ३० ते ४० एमबी मिळतात. यूएसबी ३.० वर ५ जीबीपीएस लिहिलेले असते. तिथे दर आठ बिटांसाठी वाहिनीवर दहा बिट पाठवावे लागतात, म्हणून दहाने भागणेच अचूक: सेकंदाला ५०० एमबी. अर्थात ही वाहिनीची क्षमता झाली. स्वस्त पेन ड्राइव्हवर लिहिण्याचा वेग याच्या कितीतरी खाली असतो. साखळीसारखी एकमेकांना जोडलेली उपकरणे असतील तेव्हा सगळ्यांत मंद दुव्याचाच वेग अखेर मिळतो.

कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड घेताना गोंधळ होतो, कारण कॅमेऱ्याचा बिटरेट बिटमध्ये आणि कार्डचा वेग बाइटमध्ये सांगतात. १०० एमबीपीएसने ४के चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याला सेकंदाला १२.५ एमबी लिहिता आले पाहिजेत. कार्डवर 'क्लास १०' असेल तर किमान १० एमबीची हमी, म्हणजे ते अपुरे. 'व्ही ३०' लिहिलेले कार्ड किमान ३० एमबीची हमी देते, म्हणजे २४० एमबीपीएस. ते निर्धास्त चालेल. कार्डवर ठळक छापलेला सर्वांत मोठा आकडा बहुधा वाचण्याचा कमाल वेग असतो. चित्रीकरणासाठी लिहिण्याचा किमान वेग पाहायचा.

तक्रार करण्यापूर्वी

नेट मंद वाटते तेव्हा पुढील क्रमाने जा.

१. शक्य असेल तर लॅपटॉप वायरने राउटरला जोडा. घरातली इतर डाउनलोड आणि व्हिडिओ थांबवा.

२. सकाळ, दुपार आणि रात्री नऊनंतर अशा तिन्ही वेळी स्पीड टेस्ट करा. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही लिहून ठेवा. मोबाइल नेटसाठी दूरसंचार नियामक 'ट्राय'चे 'मायस्पीड' ॲप वापरता येते.

३. सगळे आकडे एमबीपीएसमध्ये आणा. सेकंदाला एमबी असेल तर आठने गुणा, केबी असेल तर आठने गुणून हजाराने भागा.

४. प्लॅनशी तुलना करा. वायरवर ९० टक्क्यांच्या आसपास मिळत असेल तर तक्रारीला जागा नाही; वायफायची जागा किंवा राउटर बदलून पाहा.

५. एकाच संकेतस्थळावरून फाइल सावकाश येत असेल आणि स्पीड टेस्ट ठीक असेल, तर मंदपणा समोरच्या सर्व्हरचा असू शकतो.

६. वायरवरही वेग वारंवार प्लॅनच्या निम्म्यावर येत असेल, तर तारीख, वेळ आणि एमबीपीएस लिहून तक्रार नोंदवा व तक्रार क्रमांक घ्या. 'नेट स्लो आहे' या वाक्यापेक्षा 'रात्री साडेनऊला वायरवर १०० पैकी ३८ एमबीपीएस' हे वाक्य टाळणे कोणालाही अवघड जाते.

हाताशी ठेवायचे आकडे

१ एमबीपीएस: सेकंदाला १२५ केबी
८ एमबीपीएस: सेकंदाला १ एमबी
४० एमबीपीएस: सेकंदाला ५ एमबी, एका जीबीला २०० सेकंद
१०० एमबीपीएस: सेकंदाला १२.५ एमबी, एका जीबीला ८० सेकंद
२०० एमबीपीएस: सेकंदाला २५ एमबी, एका जीबीला ४० सेकंद
३०० एमबीपीएस: सेकंदाला ३७.५ एमबी, एका जीबीला सुमारे २७ सेकंद
१ जीबीपीएस: सेकंदाला १२५ एमबी, एका जीबीला ८ सेकंद

या शेवटच्या पाच ओळींकडे प्लॅनचे नूतनीकरण करताना जरूर पाहा. ४० वरून १०० वर गेल्याने प्रत्येक जीबीमागे दोन मिनिटे वाचतात. ३०० वरून १ जीबीपीएसवर गेल्याने वाचतात फक्त १९ सेकंद. घरात एकाच वेळी चार जण व्हिडिओ पाहत असतील आणि प्रत्येकाला १५ एमबीपीएस लागत असतील, तरी बेरीज ६० होते. त्यामुळे बहुतेक कुटुंबांना १०० एमबीपीएस पुरतात आणि वरचे पैसे चांगल्या राउटरवर खर्च केलेले अधिक उपयोगी ठरतात. रोज शेकडो जीबी हलवणाऱ्या व्यावसायिकाचे गणित वेगळे, आणि तेही याच सूत्राने निघते. पुढच्या रिचार्जपूर्वी आपल्या घरातली नेटवरची तीन सर्वांत मोठी कामे कागदावर लिहा, प्रत्येकाला किती वेळ लागतो ते काढा, आणि मगच ठरवा की आणखी वेगासाठी पैसे मोजायचे की नाही.